पोलादाचा किमयागार

भंडारा जिल्ह्यांत, तुमसर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं चिखला नांवाचें गांव आहे. तेथील भूमि काळा, वजनदार दगड देते. तो मँगनीजचा दगड होय. जुन्या मध्यप्रांतांत त्याचें खाणकाम १९०० सालच्या सुमारास सुरू झालें, आणि १९०९ सालीं फर्मोर ह्या भूशास्त्रज्ञानें त्याच्या सोबतीनें आढळणाऱ्या खडकास गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. चिखल्याची खाण भूमिगत आहे. माणसें खालीं उतरतात, दगड वर येतो, भट्टीची वाट धरतो, आणि तेथें लोखंडाचें पोलाद होण्यास साह्य करतो. वितळलेल्या लोखंडांतील प्राणवायु व गंधक तो स्वतःकडे ओढून घेतो; एरव्हीं तापलेलें पोलाद ठोकतांनाच भंगावयाचें. काळ्या दगडानें पोलादास बळ द्यावें, ही एक किमयाच म्हणावयाची. मात्र तींत दगड खर्ची पडतो, आणि माणसाचे श्रमहि खर्ची पडतात.

पोलाद आणि किमया हेच दोन शब्द एकत्र गुंफून जपानांत एक चित्रकथा निर्माण झाली. तिचें मूळ नांव ‘हागाने नो रेन्किन्जुत्सुशी’, म्हणजे ‘पोलादाचा किमयागार’. जगभर ती ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ह्या नांवानें ओळखली जाते. मराठींतील ‘किमया’ आणि ह्या नांवांतील ‘अल्केमिस्ट’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून निघाले आहेत. एक फारसीच्या वाटेनें महाराष्ट्रांत आला, दुसरा युरोपांत गेला. कथेची कर्ती हिरोमु आराकावा ही होक्काइदो बेटावरील गवळी-शेतकऱ्याच्या घरांत वाढली, आणि शालेय शिक्षण संपल्यावर तिनें सात वर्षें घरच्या शेतावर काम केलें. २००१ पासून २०१० पर्यंत ही कथा एका मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली व तिचे २७ खंड निघाले. तिच्यावरून हलत्या चित्रांची मालिका दोनदां तयार झाली. पहिली २००३-०४ सालीं, ५१ भागांची. मूळ कथा तेव्हां अपुरी असल्यानें ती पुढें स्वतंत्र वाटेनें गेली. दुसरी २००९-१० सालची, ६४ भागांची, मूळ कथेस बव्हंशीं धरून चालणारी आहे. आज महाराष्ट्रांतहि अनेक घरांतील तरुण मंडळी ती मोठ्या आवडीनें पाहतात, आणि ह्या चिलखतांच्या व राक्षसांच्या गोष्टींत त्यांना एवढें काय सांपडतें, ह्याचें वडीलधाऱ्यांना नवल वाटतें.

त्या नवलाचें उत्तर कथेच्या आरंभींच आहे. एडवर्ड व आल्फोन्स हे दोन लहान भाऊ. बाप घर सोडून गेलेला, आई आजारानें वारलेली. किमयेचा नियम असा कीं, कांहीं मिळवावयाचें तर तितक्याच मोलाचें कांहीं द्यावें लागतें. भावांनीं हिशेब मांडला. मनुष्यदेहांत पाणी किती, कोळसा किती, चुना, मीठ, स्फुरद किती, हें सारें त्यांनीं जमविलें. तें मुलाच्या खाऊच्या पैशांतहि बाजारांत मिळतें. त्यांतून त्यांनीं आई परत आणावयाचा प्रयोग केला. आई आली नाहीं. थोरल्याचा पाय गेला आणि धाकट्याचें सबंध शरीर गेलें. तेव्हां थोरल्यानें आपला उजवा हात देऊन भावाचा जीव एका रिकाम्या चिलखतांत बांधला. पुढची सगळी कथा हें गमावलेलें परत मिळविण्याची आहे.

अद्भुत कथेची गोडी महाराष्ट्रास नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी कथा मराठींत आणल्या. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं व रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालीं आली, आणि वाचक त्यांत रमून गेले. त्या कथांतील अद्भुत बहुधा संकटांतून सोडविण्यासाठीं येतें आणि त्याचें मोल कोणी मागत नाहीं. जपानी कथेंतील अद्भुत मोल मागतें. म्हणूनच तिच्यांत अद्भुताच्या पाठोपाठ करुण रस येतो आणि ऐकणाऱ्याच्या मनांत तोच अधिक काळ राहतो.

ह्या कथेचें बीज मात्र भारतीय परंपरेंतहि सांपडतें, आणि तें चिखल्यापासून फार दूर नाहीं. रामटेकजवळील एका टेकडीस नागार्जुनाचें नांव आहे. ह्या नांवाचे पुरुष एकाहून अधिक होऊन गेले असावेत. परंतु लोकपरंपरेनें तत्त्वज्ञ, वैद्य व किमयागार ह्या तिघांना एकाच मूर्तींत मिळवून टाकलें. सातव्या शतकांत आलेला चिनी प्रवासी ह्युएनत्संग दक्षिण कोसलाची, म्हणजे भंडाऱ्याच्या पूर्वेकडील मुलुखाची, हकीकत सांगतांना म्हणतो कीं, विहार बांधतां बांधतां राजाचा खजिना रिता झाला, तेव्हां नागार्जुनानें औषध शिंपडून मोठमोठ्या दगडांचें सोनें केलें.

अकराव्या शतकांतील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरां’त ह्याहून हृदयस्पर्शी गोष्ट आहे. चिरायु राजाचा मंत्री नागार्जुन ह्याचा लाडका मुलगा वारला. त्या शोकानें, यापुढें कोणालाच मरण येऊं नये म्हणून, तो अमृत सिद्ध करूं लागला. तें पुरें होण्यास थोडेच दिवस उरले असतां इंद्रानें अश्विनीकुमारांना पाठविलें. माणसें मरेनाशीं झालीं तर देव व मानव ह्यांत भेद कोणता, आणि जगाची व्यवस्था ती काय, असें त्यांनीं विचारलें. मुलगा स्वर्गांत सुखांत आहे हेंहि सांगितलें. नागार्जुनानें ऐकलें, आणि सिद्ध होत आलेलें अमृत भूमींत पुरून टाकलें.

शोकाकुल बाप आणि शोकाकुल मुलें ह्यांनीं एकच दार ठोठावलें. नागार्जुनास दारांतून परतविणारे भेटले. त्या भावांना कोणी भेटलें नाहीं, आणि दाराआड काय आहे तें त्यांना आपल्या देहानें शिकावें लागलें. एकीकडे देवाज्ञेनें पाळलेली मर्यादा, दुसरीकडे अनुभवानें उमगलेली मर्यादा, एवढाच दोन कथांतील भेद.

दगडांच्या सोन्याचा प्रसंगहि जपानी कथेंत आहे, आणि तो एका खाणीच्या गांवांतला आहे. तेथील अधिकारी कोळसा खणणाऱ्यांना करांनीं नागवीत असतो. एडवर्ड खाणींतील टाकाऊ दगडांचा ढीग घेतो, त्याचें सोनें करतो, तें देऊन खाणीचा हक्क विकत घेतो आणि तो हक्क कामगारांच्या हातीं ठेवतो. मागाहून सोन्याचा पुन्हा दगड होतो. ह्या प्रसंगीं वाचक हंसतो. परंतु पुढें भावांना ज्या परिसाचा शोध असतो, तो माणसांचे प्राण घालूनच बनतो असें कळतें, आणि तें हसूं मावळतें. फुकटचें म्हणून जें दिसतें, त्याचें मोल दुसऱ्या कोणी तरी आधींच दिलेलें असतें, हें ह्या कथेचें सार आहे. शेवटीं थोरला भाऊ परिसावांचूनच धाकट्याचें शरीर परत आणतो. त्यासाठीं तो आपली किमया करण्याची शक्तीच कायमची देऊन टाकतो.

तरुण प्रेक्षकांना ही मालिका आवडते ती तेवढ्यासाठींच. ती त्यांना लहान मूल समजून त्यांच्यापासून मरण लपवीत नाहीं. गेलेलें माणूस परत येत नाहीं हें स्पष्ट सांगते, आणि उरलेल्या माणसासाठीं काय काय करतां येतें तें दाखविते. ज्या घरांत नुकतेंच कोणी गेलेलें आहे, त्या घरांतील मुलास हें बोलणें परकें वाटत नाहीं. आणि चिखल्याच्या खाणींत सकाळीं उतरलेल्या माणसाची संध्याकाळीं वाट पाहणाऱ्या घरास तर पोलादाचें मोल काय, हें कोणत्याहि कथेनें वेगळें सांगावें लागत नाहीं.