शाई म्हैसूरची, लांबी गॅरेजची

म्हैसूरला १९३७ साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी लाख-रंगाचा कारखाना काढला. १९६२ पासून मतदारांच्या बोटाला लागणारी शाई तिथलीच. ती शाई खूण टिकवते. आज मी बोलणार आहे खूण झाकणाऱ्या लांबीबद्दल.

कारखाना निघाला तेव्हा गाडीचा पोचा शिसं-कथिल वितळवून भरत. कसबी काम, वर शिशाचं विष. १९५०च्या दशकात पॉलिएस्टर राळेत शंखजिरं घातलेली लांबी आली. हार्डनर मिसळला की काही मिनिटांत घट्ट! काम स्वस्त झालं, तसं लपवणंही. ही लांबी ओल शोषते. गंजावर थापली तर आत पत्रा कुजत राहतो. म्हणून आधी पत्रा ठोकून घ्या, गंज काढा, मगच पातळ थर. जुनी गाडी घेताना लोखंडी पत्र्याला चुंबक लावा. धरला नाही, तर किंमत ठरवण्याआधी विचारा, आत काय आहे?