तारापूरचा किल्ला आणि कुरळे केस

श्रोतेहो, बोईसरजवळचा तारापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतला, हे आपण मुलांना शिकवतो. याच पोर्तुगीजांनी आफ्रिकेतली माणसे गुलाम करून या किनारपट्टीवर आणली, ते सहसा सांगत नाही. जंजिऱ्याचा सिद्दी ठाऊक. ही राबणारी माणसे नाहीत.

त्यांचे केस दाट, बारीक वेटोळ्यांचे. टाळूचे तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे पडतात. आफ्रिकेत त्यावर डोक्यालगत बारीक वेण्या घालण्याची जुनी रीत आहे. अलीकडे त्या वेण्यांत क्रोशाच्या सुईने उसने केस ओवतात. आपले गंगावनच की! आतला केस झाकून राहतो. तेव्हा गुरुजी, वर्गातल्या अशा मुलीला ‘विंचरून ये’ म्हणून दटावू नका. कोरड्या केसांत फणी घातली की ते तुटतात. आधी भिजवून बोटांनी सोडवावे लागतात, आणि त्यात घरच्या बाईचे तासन्‌तास जातात.