लोणावळ्याचे प्रयोग आणि त्यांच्या नोंदी

प्रयोग करणे आणि प्रयोग सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे नीट झाले नाही तर पहिले वाया जाते. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचा आरंभीचा इतिहास याची साक्ष देतो. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली ही संस्था काढली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. प्रयोगशाळेतल्या कामाला त्यात स्वतंत्र विभाग होता. नौली ही पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो का, हे दाबमापक जोडून तपासले गेले. तो कमी होत असल्याचे दिसले आणि बस्ती या आतडे धुण्याच्या क्रियेत पाणी आत का ओढले जाते, याचा उलगडा झाला. कुवलयानंदांचे गुरू माधवदासजी यांच्या नावावरून या कमी दाबाला ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले गेले.

श्रद्धाळूंनी आपल्याच श्रद्धेची परीक्षा घेतली, मग निष्कर्ष काय ठरलेलाच, असा आक्षेप येतो. प्रयोगातली माणसे थोडी होती, हेही खरे. पण प्राणायाम करताना शरीरात जास्त ऑक्सिजन शोषला जातो, ही लोकप्रिय समजूत कुवलयानंदांनी मोजमापानंतर नाकारली आणि प्राणायामाचे मोल अन्यत्र शोधले. पुढे त्यांच्याकडे शिकलेल्या येल विद्यापीठाच्या कोवूर बेहानन यांनी १९३७ च्या पुस्तकात उज्जायी या प्राणायामाच्या प्रकारात ऑक्सिजनचा वापर २४.५ टक्क्यांनी वाढल्याचे लिहिले. दोघांत बरोबर कोण, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. श्वासाचा वेग किती, कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, किती लांब, तुलना कोणत्या विश्रांतीच्या अवस्थेशी, हे नोंदलेले असेल तरच मतभेदाचे संशोधन होते. नाहीतर तो नुसता वाद उरतो.

आज संगणकावरच्या प्रयोगांत नोंदी ठेवण्याचे हेच काम संगणकप्रणाली करते. कोणता विदा, कोडची कोणती आवृत्ती, कोणत्या सेटिंग्ज, हे ती प्रयोगाच्या प्रत्येक धावेसोबत टिपते आणि फसलेल्या धावाही जपते. कागदी वही पुरेशी होती, असे कुणी म्हणेल. थोड्या प्रयोगांना ती पुरते. शेकडो धावांत मात्र माणूस मनाजोगत्या निकालांचीच नोंद ठेवू लागतो आणि छापील लेखातही निवडकच येते. तरी साधन शिस्त शिकवत नाही. काय टिपायचे, हे प्रयोगाआधी ठरवावे लागते; आणि आपल्या विरोधात गेलेला निकालही खोडायचा नाही, ही सचोटी संशोधकाचीच असते. लोणावळ्याच्या त्या कामाचे मोल याच कसोटीवर ठरवायला हवे.