पाण्याचा भरवसा: रायपूरचा भातकरी आणि कालव्याचा करार

रायपूरच्या मैदानात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी टंचाई तिथे जुनीच आहे. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात येतो. भात निसवताना त्याने दडी मारली की दाणा भरत नाही. १८९६ आणि १८९९ साली पाऊस फसला आणि लागोपाठ दोन दुष्काळ पडले.

अशा पावसाशी जुळवून घेताना, सगळे एका डावावर लावायचे नाही, हे शेतकऱ्यांचे धोरण होते. भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार या जमिनींची ओल धरण्याची ताकद वेगवेगळी. म्हणून ‘लाखाबाटा’ प्रथेत गावाची जमीन काही वर्षांनी पुन्हा वाटली जाई आणि प्रत्येकाच्या वाट्याला चांगली-वाईट दोन्ही जमीन येई. लागवड ‘बियासी’ची. आधी भात फोकून पेरायचा, महिनाभराने शेतात वीतभर पाणी साचले की उभ्या पिकातच हलका नांगर फिरवायचा. त्याने तण मोडे आणि दाट रोपे विरळ होत. उत्पन्न बेताचे, पण पाऊस लांबला तरी गुंतवलेला खर्च थोडा. तलाव हा आणखी एक आधार.

दुष्काळांनंतर सरकारने महानदीवर रुद्री येथे बंधारा बांधून कालवे काढले. पाण्यासाठी गावांनी दहा वर्षांचा करार करावा, असा आग्रह होता. चांगल्या पावसाच्या वर्षी कालव्याची गरज नसे, पट्टी मात्र दरवर्षी ठरलेली. तेवढ्या पैशांत गावाचा स्वतःचा तलाव होईल, असा शेतकऱ्यांचा हिशोब होता. टंचाईची भीती होतीच, पण कधीतरी येणाऱ्या संकटापेक्षा दरसालचा निश्चित बोजा त्यांना जड वाटला.

धमतरीजवळच्या कंडेल गावाने करार नाकारला. १९२० मध्ये पाणी चोरल्याचा ठपका ठेवून गावाला चार हजारांहून अधिक रुपयांचा दंड झाला. सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी तो भरला नाही. जप्त गुरे बाजारोबाजारी लिलावाला काढली, पण बोली लावायला कोणी पुढे आले नाही. शेवटी प्रशासनाला माघार घ्यावी लागली.

पुढे १९२३ मध्ये मुरुमसिल्ली आणि १९७० च्या दशकाअखेर गंगरेल धरण झाले. कालव्याखालच्या शेतांत रोपलावणी वाढली. कोरडवाहू शेतांत बियासी टिकून राहिली, कारण तिथे भरवसा अजून पावसावरच होता.