गिरकी घेणारी अणुकेंद्रके

अणूच्या मध्यभागी असलेले केंद्रक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचा वाटोळा गोळा, अशी समजूत पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांमुळे रूढ झाली आहे. प्रत्यक्षात अनेक मूलद्रव्यांची केंद्रके रग्बीच्या चेंडूसारखी लांबट असतात आणि या लांबटपणामुळेच ती गिरकी घेऊ शकतात. पूर्ण गोल केंद्रक कसेही फिरविले तरी त्याच्या स्थितीत फरक पडत नाही. त्यामुळे पुंजयामिकीच्या दृष्टीने त्याच्या सामूहिक परिवलनाला अर्थ उरत नाही.

केंद्रक लांबट असू शकते, ही कल्पना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे जेम्स रेनवॉटर यांनी १९५० मध्ये मांडली. नील्स बोर यांचे पुत्र आगे बोर आणि बेन मॉटलसन यांनी कोपनहेगन येथे तिला सिद्धांताचे रूप दिले. या तिघांना १९७५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

भोवरा कोणत्याही वेगाने फिरू शकतो. केंद्रकाला मात्र ठराविक पायऱ्याच उपलब्ध असतात. प्रोटॉन व न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत असतील, तर परिवलनाचे क्रमांक ०, २, ४, ६ असे चढत जातात. सिद्धांतानुसार चौथ्या व दुसऱ्या क्रमांकांच्या ऊर्जांचे गुणोत्तर ३.३३ यावयास हवे. अर्बियम-१६६ मध्ये ते ३.२९ भरते. एकेक पायरी उतरताना केंद्रक गॅमा किरण बाहेर टाकते आणि त्यांच्या मोजणीतूनच ही शिडी उलगडते.

१९७१ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांना मात्र एक कोडे पडले. डिस्प्रोशियमच्या केंद्रकात परिवलनाचा क्रमांक वाढत असूनही फिरण्याचा वेग एका टप्प्यावर चक्क घटला. मोसमी वाऱ्यांना वळण देणारा कोरिऑलिस प्रभाव येथेही कामी येतो. त्यामुळे न्यूट्रॉनची एक जोडी फुटते, तिचे दोन्ही घटक परिवलनाच्या अक्षाशी जुळतात आणि उरलेल्या केंद्रकावरील भार हलका होतो.

पुढे १९८६ मध्ये इंग्लंडमधील डेअर्सबरी प्रयोगशाळेत डिस्प्रोशियम-१५२ चे केंद्रक रुंदीच्या सुमारे दुप्पट लांब झालेले आढळले. त्याचा परिवलन क्रमांक ६० च्या आसपास पोहोचला होता. भारतातही मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील त्वरकांवर आळीपाळीने उभारल्या जाणाऱ्या 'इंगा' या गॅमा शोधक संचाद्वारे असा अभ्यास केला जातो. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या या गिरकीची साक्ष केवळ गॅमा किरणच देतात.