कारवीचे घड्याळ : बोरिवली-मुलुंडच्या डोंगरातील आठ वर्षांचा हिशेब

१/ मुंबई उपनगरांत पश्चिमेस बोरिवली आणि पूर्वेस मुलुंड यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे अरण्य पसरले आहे. २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षांच्या पावसाळ्यात तेथील उतार जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून गेले. मधल्या वर्षांत तीच झुडपे हिरवीगार होती. पण तुरळक अपवाद वगळता त्यांना फूल आले नाही. हे झुडूप म्हणजे कारवी. सजीव काळ कसा मोजतात, या प्रश्नाच्या इतिहासात तिचे स्थान वेगळे आहे.

२/ या प्रश्नावरचा पहिला प्रसिद्ध प्रयोग १७२९ मधला. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां-झाक द मेरां याने लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवले. दिवसा पाने उघडणे आणि रात्री मिटणे हा त्या झाडाचा क्रम सूर्यप्रकाश नसतानाही चालूच राहिला. पाने प्रकाशाच्या हुकमाने हलतात, ही समजूत तेथे डळमळली. वेळ सांगणारे काही तरी झाडाच्या आतच असावे, अशी शंका पुढे आली.

३/ १८३२ मध्ये कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या शंकेला आधार दिला. अखंड प्रकाशात ठेवलेल्या लाजाळूचा फेरा नेमका २४ तासांचा नव्हता. तो २२ ते २३ तासांचा होता. बाहेरच्या दिवसाची नक्कल असती, तर आकडा २४ आला असता. योगायोगाने त्याच १८३२ साली जर्मन शास्त्रज्ञ नीस फॉन एसेनबेक याने कारवीला ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’ हे शास्त्रीय नाव दिले. दोन्ही गोष्टींचा परस्परसंबंध तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

४/ विसाव्या शतकात दैनिक घड्याळाचे संशोधन वेगाने पुढे गेले. एरविन ब्युनिंग याने १९३० च्या दशकात घेवड्याच्या वेगवेगळ्या लयीच्या वाणांचा संकर करून ही लय आनुवंशिक असल्याचे दाखवले. १९५९ मध्ये फ्रान्झ हालबर्ग याने ‘सुमारे एक दिवस’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून ‘सर्केडियन’ ही संज्ञा घडवली. भारतात एम. के. चंद्रशेखरन यांनी मदुराई कामराज विद्यापीठात गुहेतील वटवाघळांवर काम करून ही विद्याशाखा रुजवली.

५/ १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी घड्याळ बिघडलेल्या फळमाश्या शोधून काढल्या. एका प्रकाराचा दिवस सुमारे १९ तासांचा, दुसऱ्याचा सुमारे २८ तासांचा, तर तिसऱ्याला लयच नव्हती. तिन्ही बिघाड एकाच जनुकात सापडले. त्या जनुकाच्या पुढील उलगड्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

६/ या यशामागे एक साधी सोय होती. फळमाशीचे दैनिक घड्याळ आठवड्यात सात वेळा वाचता येते. प्रयोग फसला, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मांडता येतो. आता ज्या घड्याळाचा एक फेरा आठ वर्षांचा आहे, त्याचा विचार करावा. चाळीस वर्षे संशोधन करणाऱ्या माणसाला एका डोंगरावर ते जेमतेम पाच वेळा वाचता येईल.

७/ कारवी अडुळशाच्या कुळातली. दर पावसाळ्यात तिला मोठी, खरखरीत पाने फुटतात आणि पाऊस सरला की उरतात वाळल्यासारख्या दिसणाऱ्या काड्या. अशी वर्षे गेल्यावर एका पावसाळ्यात, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून, उतारावरची बहुतेक सारी झुडपे एकदम फुलतात. मग फळ धरते आणि झुडूप मरते. बोंडे पुढचा उन्हाळा तशीच वाळत राहतात. जूनच्या पहिल्या सरींनी ती ओली होऊन फटफट फुटतात आणि बी दूर उडते. त्या एकाच पावसाळ्यात नवी पिढी उगवते.

८/ कारवी सात वर्षांनी फुलते की आठ, हा वाद जुना आहे. हिशेब मांडला, तर दोन्ही बाजू खऱ्या ठरतात. २०१६ च्या बहराचे बी २०१७ च्या पावसात रुजले. ती झुडपे २०२४ मध्ये फुलली, तेव्हा त्यांचे वय सात वर्षे होते. पण २०१७ चा धरून तो त्यांचा आठवा पावसाळा होता. दोन बहरांतले अंतर आठ वर्षे, झाडाचे वय सात.

९/ शास्त्रीय नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून सह्याद्रीतल्या माणसांना कारवी ठाऊक होती. तिच्या सरळ काठ्यांचा कुड बांधून, त्यावर शेण-माती लिंपून घरांच्या भिंती उभ्या राहत. बहराच्या वर्षी मिळणारा कारवीचा मध प्रसिद्ध आहे. ज्यांचे घर आणि मध एका झुडपावर अवलंबून, त्यांना त्या झुडपाचे वर्ष लक्षात ठेवावेच लागते. या घड्याळाचे पहिले वाचक ते होते. त्यांची नोंदवही मात्र स्मरणाची होती.

१०/ लेखी नोंदींना मुंबईत घर मिळाले ते १५ सप्टेंबर १८८३ रोजी. त्या दिवशी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील आणि वनस्पतींचे जाणकार. मुंबईतील औषधी द्रव्यांची त्यांची सूची १८७९ मध्ये निघाली होती. संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. कोणते झाड कोठे, केव्हा फुलले, अशा लहान टिपणांना त्यात जागा होती.

११/ या जागेचे मोल दक्षिणेतल्या कारवीच्या बहिणीने दाखवून दिले. नीलकुरिंजी ही त्याच प्रजातीतली. ती बारा वर्षांनी फुलते. १९३४ च्या तिच्या बहरावर रॉबिन्सन यांचा लेख १९३५ मध्ये मुंबईच्या या नियतकालिकात आला. नीलकुरिंजीच्या बहरांची मालिका १८३८ पासून सांगितली जाते. १८३८ ते २०१८ या १८० वर्षांत १६ बहर. एवढी मालिका कोणत्याही एका माणसाच्या हाती लागणे शक्य नव्हते. प्रत्येक पिढीने आपला एक-दोन आकडे जोडले, म्हणून बाराचा नेम सिद्ध झाला.

१२/ मुंबई इलाख्यात हे काम नेटाने केले ते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांनी. स्पेनमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९२८ मध्ये भारतात आले आणि पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. मुंबई भागातील अडुळसा-कुलावर त्यांचा ग्रंथ १९५१ मध्ये, तर खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा १९५३ मध्ये आला. कारवीची प्रजाती आणि बांबू यांच्या सामूहिक बहरावर त्यांनी १९६२ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. १९७० मध्ये ते वारले. १९२८ पासूनचा सारा काळ त्यांनी एकाच डोंगरावर काढला असता, तरी तेथील कारवी त्यांना पाच-सहा वेळांहून अधिक फुललेली दिसली नसती.

१३/ झाडाला ऋतू कळतो कसा, याचे उत्तर विज्ञानाला मिळाले आहे. १९२० मध्ये गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी दाखवले की अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. ती लांबी मोजण्याचे काम दैनिक घड्याळच करते, असे ब्युनिंग याने १९३६ मध्ये मांडले. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. एवढा फरक ऋतू ओळखायला पुरतो. पण २०२३ चा श्रावण आणि २०२४ चा श्रावण यांत दिवसाची लांबी सारखीच असते. मग वर्षे कोण मोजते?

१४/ याचा एक सुंदर धागा अमेरिकेत सापडला, तोही एका कीटकात. तेथे सिकाडाची एक जात १७ वर्षे जमिनीखाली मुळांतला रस पिऊन राहते आणि मग एकदम बाहेर येते. रिचर्ड कारबन आणि सहकाऱ्यांनी १५ वर्षांची पिले पीचच्या अशा झाडांखाली ठेवली, ज्यांना वर्षातून दोनदा बहर आणवला होता. ती पिले एक वर्ष आधीच वर आली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ स्पष्ट होता. कीटक दिवस मोजत नव्हते. यजमान झाडाच्या ऋतुचक्राचे फेरे मोजत होते.

१५/ कारवीवर असा प्रयोग करायचा, तर आठ वर्षे थांबावे लागेल. पण अनुमानाला जागा आहे. तिची पालवी पावसाबरोबर येते आणि पावसाबरोबर जाते. मोजण्याजोगा ठळक फेरा तिच्यापाशी आहे. शिवाय सह्याद्रीत सगळीकडे कारवी एकाच वर्षी फुलत नाही. डोंगरागणिक वर्ष बदलते. सर्वांना एकच हवामानाचा इशारा मिळत असता, तर असे झाले नसते. म्हणून प्रत्येक उतार आपल्या जन्मवर्षापासून मोजणी करतो, हे स्पष्टीकरण अधिक पटते. आठवा पावसाळा कसा ओळखला जातो, त्याचे जनुक मात्र अजून कोणी दाखवलेले नाही.

१६/ एवढा आटापिटा कशासाठी, याचे एक प्रसिद्ध स्पष्टीकरण अमेरिकी शास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन याने १९७० च्या दशकात बांबूंच्या निमित्ताने मांडले. सगळ्यांनी एकदम बी धरले, की बी खाणाऱ्यांची पोटे भरूनही पुष्कळ बी उरते. एकटे, चुकीच्या वर्षी फुललेले झाड मात्र सारे बी गमावण्याची शक्यता अधिक. त्यामुळे सोबत्यांशी वेळ जुळवणाऱ्यांचाच वंश पुढे चालतो.

१७/ असे घड्याळ न वाचण्याची किंमत मिझोरामने मोजली. तेथील मौताक बांबू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो. बी खाऊन उंदीर वाढतात आणि मग शेतातल्या धान्यावर तुटून पडतात. वडीलधाऱ्यांना हिशेब ठाऊक होता. १९५८ मध्ये मिझो जिल्हा परिषदेने आसाम सरकारकडे पूर्वतयारीसाठी १५ लाख रुपये मागितले. ती मागणी फेटाळली गेली. १९५९ मध्ये दुष्काळ आला. मदतकार्यासाठी निघालेल्या संघटनेतून १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला, १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला आणि शांतता करार व्हायला १९८६ उजाडले.

१८/ बोरिवलीच्या कारवीमुळे कोणी उपाशी राहणार नाही. धोका तिचा तिलाच आहे. हे अरण्य टिकले, त्याचे एक कारण पाणी. १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव आणि नंतरचा तुळशी तलाव यांच्यासाठी भोवतीचा डोंगर राखला गेला. पण बहरानंतरच्या उन्हाळ्यात जुनी पिढी मेलेली आणि नवी पिढी वाळक्या बोंडांत टांगलेली असते. त्या चार-पाच महिन्यांत उतारावर वणवा फिरला, तर आठ वर्षांचे बी एका दुपारी जळू शकते. पुढे असा उन्हाळा २०३३ चा असेल. वनरक्षकांच्या दिनदर्शिकेत त्यावर आधीच खूण हवी.

१९/ त्याआधी, नेम टिकला तर, २०३२ चा बहर येईल. पाहायला गर्दी होईल आणि हजारो छायाचित्रे निघतील. तारीख, उतार आणि ठिकाण यांची जोड असेल, तर त्यांतले प्रत्येक छायाचित्र सोसायटीच्या जुन्या टिपणांइतके उपयोगी ठरेल. पण त्याहूनही मोलाची नोंद २०२९, २०३० किंवा २०३१ मध्ये एकट्याच फुललेल्या झुडपाची असेल. दैनिक घड्याळाचे जनुक हाती लागले, ते वेळ चुकलेल्या तीन प्रकारच्या माश्यांमुळे. कारवीचे कोडे उलगडायचे, तर वेळ चुकलेली कारवी कोणाला तरी दिसली पाहिजे, आणि त्याने ती लिहून ठेवली पाहिजे.