वॉल स्ट्रीटवरील मनोरा, मुंबईची बुडालेली बँक आणि खान्देशचा कापूस

१/ इ.स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा आटला. इंग्लंडच्या व्यापाऱ्यांचे लक्ष हिंदुस्थानाकडे वळले. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीतील कापसाला कधी नव्हे ती किंमत आली.

२/ तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे. कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी येथे सुधारित हिंगणघाटी बियाण्याचा हिरिरीने प्रसार केला. त्याच काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देशात पोहोचली आणि लोहमार्गावरील जळगावची पेठ कापसाच्या व्यापारावर भरभराटीस आली. पुढे १९०६ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा पूर्व खान्देशचे ठाणे होण्याचा मान जळगावला मिळाला.

३/ कापूस मुंबईच्या बंदरातून बाहेर जाई आणि त्याचा पैसा मुंबईत येई. त्या पैशाने शहरात सट्ट्याचे वेड पसरले. बॅक बे भरणी कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांवर गेला. १८४० मध्ये स्थापन झालेली, खुद्द सरकार जिची भागीदार होती ती बँक ऑफ बॉम्बे अशा भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देत सुटली. सटोडियांचा मुकुटमणी होता प्रेमचंद रायचंद.

४/ एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या पूर्ततेच्या दिवशी, मुंबईचे दिवाळे उघडे पडले. बँक ऑफ बॉम्बे सावरली नाही. १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. तीच १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत विलीन झाली आणि १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. तेजीच्या काळात प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १८७८ मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला. बँक बुडाली, मनोरा उरला.

५/ या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. बँकेचे खरे भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास, आणि विश्वास डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जगभरच्या बँकांनी तो दगडात घडवून दाखवण्याचा प्रयत्न केला: जाड भिंती, उंच खांब, पोलादी तिजोऱ्या. या प्रयत्नाने सर्वांत मोठी उंची गाठली ती न्यूयॉर्कमध्ये.

६/ तेथील आयर्विंग बँकेची स्थापना १८५१ ची. त्या काळी अमेरिकेत बँका स्वतःच्या नोटा छापत. नोट लोकांनी निःशंकपणे स्वीकारावी म्हणून या बँकेने लोकप्रिय लेखक वॉशिंग्टन आयर्विंग यांचे नाव घेतले आणि त्यांचे चित्र नोटांवर छापले. हीदेखील विश्वासाचीच जाहिरात होती.

७/ पुढे आयर्विंग ट्रस्ट कंपनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बँकेने १९२९ ते १९३१ या काळात वॉल स्ट्रीट आणि ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर, ट्रिनिटी चर्चसमोर, ५० मजली इमारत उभारली. पत्ता: १, वॉल स्ट्रीट. उंची ६५४ फूट. वास्तुकार राल्फ वॉकर यांनी चुनखडी दगडाला पडद्याच्या चुण्यांसारखी लय दिली. बांधकाम चालू असतानाच, ऑक्टोबर १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळला. तरी मनोरा पूर्ण झाला.

८/ तळमजल्यावरील स्वागतदालन ‘रेड रूम’ म्हणून प्रसिद्ध आहे. भिंतींवर आणि छतावर लाल-नारिंगी छटांच्या तुकड्यांची, सोनेरी रेषांनी गुंफलेली मोझेइक. या रंगयोजनेत हिल्ड्रेथ मेयर या चित्रकर्तीचा मोठा वाटा. भूमिगत मजल्यांवर बँकेची प्रचंड तिजोरी होती. खाली धन, वर कचेऱ्या आणि मध्ये ग्राहकाला दिपवणारे दालन, अशी ही रचना.

९/ १९८८ मध्ये बँक ऑफ न्यूयॉर्कने आयर्विंगला ताब्यात घेतले आणि आपले मुख्यालय येथे आणले. परंतु तोवर पैशाचे रूप पालटत चालले होते. संगणकाच्या युगात विश्वास दाखवायला दगडी मनोऱ्याची गरज उरली नाही, आणि आधुनिक कचेऱ्यांना हवे असलेले विस्तीर्ण, खांबविरहित मजले जुन्या इमारतींत नव्हते. २०१४ मध्ये ही वास्तू विकासक हॅरी मॅक्लो यांनी ५८.५ कोटी डॉलरना विकत घेतली.

१०/ कचेरीचे घर करणे सोपे नसते. कारकून दिव्याच्या उजेडात बसू शकतो. राहत्या खोलीला मात्र खिडकी लागते. १९१६ च्या नियमामुळे न्यूयॉर्कचे जुने मनोरे वर जाताना पायरीपायरीने निमुळते होतात, म्हणून वरचे मजले घरांना सोयीचे ठरले. खालच्या रुंद मजल्यांवर दुकाने आली. हजारो नोकरांची ने-आण करणाऱ्या उद्वाहकांची मांडणी बदलावी लागली. २०२३ पर्यंत येथे ५६६ आलिशान सदनिका तयार झाल्या. शेजारच्याच २०, एक्सचेंज प्लेस या १९३१ च्या बँक-मनोऱ्यातही आज भाड्याची घरे आहेत.

११/ या परिवर्तनात खरा प्रश्न होता तो दालनाचा. इमारतीच्या बाह्यांगाला २००१ मध्येच वारसा म्हणून संरक्षण मिळाले होते. आतील ‘रेड रूम’ला ते मिळायला जून २०२४ उजाडला. म्हणजे विक्री आणि नूतनीकरण होत असताना त्या मोझेइकला कायद्याचा आधार नव्हता. मालकाने ठरवले असते, तर ते नाहीसे होऊ शकले असते. मार्च २०२५ पासून तेथे प्रँतां या फ्रेंच दुकानसंस्थेचे दालन आहे. कोणीही आत जाऊन ते छत पाहू शकतो. वरच्या सदनिका मात्र लक्षाधीशांच्या.

१२/ खान्देशच्या अभ्यासकाला यातून काय घेता येईल? धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये संशोधन मंडळ स्थापन झाले, म्हणून जुनी दप्तरे वाचली. कागद जपण्याची परंपरा या भूमीत आहे. वास्तूंना मात्र तसा वाली सहसा मिळत नाही. कापसाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या पेढ्या, जिनिंगच्या इमारती, गिरण्यांची आवारे यांचा उपयोग बदलणे अटळ आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. रिकामी वास्तू पडते, वापरातली टिकते.

१३/ म्हणून अशा प्रत्येक वास्तूसमोर तीन प्रश्न विचारावेत. ती कोणाच्या श्रमावर आणि पैशावर उभी राहिली? तिच्या आत जपण्यासारखे काय आहे? आणि उद्या मालक बदलल्यावर सामान्य माणसाला तिच्या दारातून आत जाता येईल का? या तीन प्रश्नांची उत्तरे वास्तू विकली जाण्यापूर्वी नोंदवून ठेवावी लागतात. वॉल स्ट्रीटवर ती नोंद उशिरा झाली, तरी दालन वाचले. प्रत्येक गावाचे दैव इतके बलवत्तर असेलच असे नाही.